यादीत नसलेली मुलगी

इतरांच्या घरी दिवेलागणीला पाढे म्हणत असतील, स्तोत्रं म्हणत असतील. आमच्या घरी परवचा म्हणजे इंग्लंडचे राजे. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरच्या मागच्या अंगणात मी आणि माझा धाकटा भाऊ मांडी घालून बसायचो, बाबा समोर उभे राहायचे, आणि सुरुवात व्हायची समुद्र ओलांडून आलेल्या पहिल्या राजापासून. मग त्याचा मुलगा, मग त्या मुलाचा भाऊ, मग भाचा, असं करत करत थेट आत्ताच्या राणीपर्यंत. एकही गळता कामा नये. गळला की पुन्हा पहिल्यापासून. शेजारचे पंजाबी काका भिंतीवरून डोकावून म्हणायचे, "अच्छा जी, हो गई पूजा?" आणि बाबा गंभीरपणे मान हलवायचे.

बाबांना ही यादी साताऱ्याच्या शाळेत एका मास्तरांनी छडी मारमारून पाठ करून घेतली होती. इंग्रज गेले, मास्तर गेले, छडीही गेली, यादी तेवढी उरली. बाबा दिल्लीत एका मंत्रालयात कारकून म्हणून चिकटले आणि फायलींतून वर सरकत सेक्शन ऑफिसर झाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सहीसाठी कागद तयार केले. ऑफिसात त्यांना विचारतंय कोण. पण इंग्लंडचा कुठला राजा कोणाच्या पोटी आला आणि कोणाला हटवून बसला, हे विचारा, की माणूस खुर्चीत ताठ व्हायचा.

आई राजांना त्यांच्या नावांनी कधी बोलवत नसे. तिची आपली वेगळी नावं होती. सहा बायका करणारा तो मेला. मुंडकं उडवलं गेलेला तो बिचारा. म्हातारपणी भ्रमिष्ट झालेला तो खुळा. नवरा गेल्यावर जन्मभर काळे कपडे घालून बसलेली ती आपली राणी, कारण आईच्या आजीकडे तिच्या छापाचे रुपये होते. आणि घटस्फोटितेशी लग्न करण्यासाठी सिंहासन सोडून गेलेला तो पळपुटा. त्याचा तिला विशेष राग होता. बायको कर ना बाबा हवी ती, पण भावाच्या डोक्यावर टोपली ठेवून पळतोस कसला, असं ती भाजी निवडता निवडता म्हणायची.

बाबांची शिकवण दोन गोष्टींची. पहिली, गादी एक क्षणही रिकामी राहत नाही. राजाचा श्वास थांबला की त्याच घटकेला पुढचा राजा झालेला असतो, मुकुट नंतर कधीही घालू देत. दुसरी, मुलगे आधी, मग मुली. मुलगी थोरली असली तरी मुलगा आधी. हे ते माझ्याकडे बघून सांगत नसत, भिंतीकडे बघून सांगत. मी थोरली होते.

त्या यादीत एक जागा होती जिथे मी अडायचे. तिसऱ्या राजाचा मुलगा जहाज बुडून मेला. मग राजाने दरबारातल्या सगळ्या सरदारांना शपथ घ्यायला लावली की माझ्यामागे माझी मुलगी बसेल. सगळ्यांनी घेतली. आणि राजा मेल्याबरोबर त्याच सरदारांनी त्याच्या भाच्याला आणून बसवला. मी बाबांना विचारलं की मग तिचं नाव आपण का नाही म्हणत.

"कारण ती यादीत नाही," बाबा म्हणाले. "ती कधी बसलीच नाही."

मला ते मुळीच पटलं नव्हतं. बसू दिलं नाही आणि वर बसलीच नाही म्हणायचं, हा कुठला न्याय? तेव्हापासून तिसऱ्या राजापाशी मी किंचित थांबायचे आणि मनातल्या मनात तिला म्हणून घ्यायचे. भाऊ तेवढ्यात पुढे सटकायचा आणि आधी संपवल्याबद्दल शाबासकी घ्यायचा.

दर संक्रांतीला दिल्लीतली मराठी मंडळी बस करून पानिपतला काला अंब इथल्या युद्धस्मारकाला जात. तिळगूळ, पुलाव, लेकरांची भांडणं, आणि स्मारकापुढे गेल्यावर सगळ्यांचे एकदम पडलेले चेहरे. बाबा आम्हा दोघांना बाजूला घेऊन सांगत की पेशव्यांचा थोरला मुलगा इथे पडला, आणि त्यानंतर काका आणि पुतणे एकमेकांच्या उरावर बसले. इंग्रजांच्याही घरात एकदा असंच झालं होतं, दोन शाखांनी तीस वर्षं एकमेकांची डोकी उडवली. म्हणून एका गादीला दोन दावेदार ठेवू नयेत. घरातच ठरवून टाकावं. थंडीने नाक गळत असलेल्या आम्हा दोघांना त्यातलं काय कळणार? पण ते वाक्य बाबांच्या डोक्यात किती खोल गेलं होतं, ते मला पुढे कळलं.

आमची गादी म्हणजे ते क्वार्टर. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात आईने लावलेला कढीपत्ता, जो आता छपरापेक्षा उंच झाला होता. दुसरं काहीच नव्हतं. साताऱ्याचं घर चुलत्यांच्या वाटणीत गेलं. बाबांच्या बरोबरीचे लोक गाझियाबादला, नोएडाला प्लॉट घेत होते, तेव्हा बाबा हसत होते, की त्या माळावर कोल्ह्यांच्या शेजारी जाऊन राहा म्हणावं. त्यांचा भरवसा एका नियमावर होता. निवृत्त होणाऱ्या माणसाचा मुलगा किंवा मुलगी सरकारी नोकरीत असेल, निवृत्तीआधीची काही वर्षं त्याच घरात राहत असेल आणि पगारात घरभाड्याचा भत्ता घेत नसेल, तर क्वार्टर त्याच्या नावावर होऊ शकतं. आमच्या गल्लीत कितीतरी घरं अशी बापाकडून लेकाकडे गेली होती. बाहेरच्या पाटीवरचं एक अक्षर बदललं की झालं.

मी परीक्षा देऊन एका मंत्रालयात लागले. भाऊ दोन वर्षांनी दुसऱ्यात लागला. म्हणजे नियमाने आम्ही दोघंही बसत होतो. ते दिवसच चमत्कारिक होते. बाजारात एकाएकी परदेशी साबण आले, टीव्हीवर मोजता येणार नाहीत इतकी चॅनलं आली, ऑफिसात जो तो कुठल्या तरी कंपनीत लागलेल्या मेव्हण्याबद्दल बोलू लागला. आमच्या घरात मात्र एकच विषय होता, बाबांची निवृत्ती आणि क्वार्टर.

एका रविवारी जेवणं झाल्यावर बाबांनी मला समोर बसवलं. म्हणाले की मी आता घरभाड्याचा भत्ता घ्यायला लागावं, आणि खोटं नको म्हणून खरोखरच गाझियाबादला आत्याकडे राहायला जावं. आत्या म्हणजे बाबांची चुलतबहीण, एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट, दीड खोलीत एकटी. मला वाटलं ते थट्टा करताहेत. आईने भांडी घासता घासता हात थांबवले. म्हणाली, अहो, राहू दे की दोघांनाही. वेळ येईल तेव्हा ज्याचं होईल त्याचं होईल, काय बिघडतंय?

"एका गादीला दोन दावेदार असले की काय होतं, तुला माहीत नाही," बाबा तिला म्हणाले. मग भिंतीकडे बघत मला, जरा हळू आवाजात, "तुझं काय बेटा, तू आज ना उद्या लग्न होऊन जाणारच. उद्या जायचं ते आज."

आता सांगा, ह्याला काय म्हणायचं? कोणता ऑफिसर विचारणार होता की दोन मुलांपैकी कोण? काहीही ठरवायची गरज नव्हती. सरोजिनी नगरच्या गल्लीत कोणाही सामान्य माणसाने दोघांनाही घरात ठेवलं असतं आणि शेवटी बघितलं असतं. पण आमच्या बाबांना दोन खोल्यांत राजघराण्यांची लढाई दिसत होती. मला राग आला, आजही येतो. भाऊ तिथेच बसून क्रिकेट बघत होता. त्याने वळून पाहिलं, "ताई, वीकएंडला येत जा हां," म्हणाला, आणि पुन्हा वळला. त्याच्या मनात खरंच काही नव्हतं. ज्याला मिळायचंच असतं त्याच्या मनात काही नसतं.

मी गेले. गाझियाबादच्या त्या दीड खोलीत आत्याची खाट भिंतीला आणि माझी दाराला. सकाळी नळ तासभर, बाहेर कारखान्याचा वास, बसमध्ये उभ्याने दिल्ली आणि उभ्याने परत. आत्या भली बाई होती, पण तिला गप्पा नको असत. संध्याकाळी चहा घेताना मी कधीकधी राजे म्हणायचे, नुसते ओठ हलवून. तिसऱ्यापाशी आता मी जास्त वेळ थांबत होते. माझ्या लग्नाचं म्हणाल तर दोन-तीन ठिकाणी बोलणी झाली आणि फिसकटली. मुलगी आईबापांपासून वेगळी का राहते, असं एका ठिकाणी विचारलं. त्यांना काय इंग्लंडचा इतिहास सांगायचा होता?

बाबांनी तोवर सरोजिनी नगरच्या बाजारातल्या पेंटरकडून एक नवी पाटी रंगवून आणली होती. पितळी रंगाच्या पत्र्यावर काळ्या अक्षरांत भावाचं नाव आणि हुद्दा. ती कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती. मी रविवारी गेले की ते ती काढून, फडक्याने पुसून मला दाखवायचे. मी छान आहे म्हणायचे.

आणि निवृत्तीला वर्षभर उरलेलं असताना भावाने नोकरी सोडली.

गुडगावला शेतं बुजवून काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. तिथल्या एका परदेशी कंपनीत त्याला जागा मिळाली. न्यायला गाडी, आत थंडगार हवा, पगार बाबांच्या दुप्पट. त्याने घरी सांगितलं ते राजीनामा देऊन झाल्यावर. मी त्या दिवशी तिथेच होते. तो आमटी वाढून घेता घेता म्हणाला, "बाबा, सरकारी नोकरीत आता काय ठेवलंय, यार. हे क्वार्टर म्हणजे काय मोठं राज्य आहे का? मी तुम्हाला गुडगावला फ्लॅट घेईन, लिफ्टवाला."

बाबा घास तोंडात तसाच ठेवून बसले. आई तेवढी स्वतःशीच म्हणाली, "पळपुटा." एरवी आम्ही हसलो असतो.

मग आईनेच बाबांना उठवलं. म्हणाली, आता हिला घरात आणा, नियमात मुलगी पण आहे ना? बाबा मला घेऊन क्वार्टर वाटपाच्या ऑफिसात गेले. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला, अगदी सभ्य माणूस. त्यांनी माझ्या नोकरीची चौकशी केली आणि मान हलवली. म्हणाले, बिटिया तो अलग रहती है, किराया भत्ता भी लेती है, अब आख़िरी साल में कैसे होगा. बाबांनी विचारलं की आजपासून घेणं बंद केलं तर? साहेब म्हणाले की वर्षं भरत नाहीत. आणि मग सहज, सहानुभूतीनेच म्हणाले, "ये घर पर ही रहती तो आज कोई दिक़्क़त ही नहीं थी. भेजा क्यों इसे?"

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. परत येताना ऑटोत ते रस्त्याच्या बाजूला तोंड करून बसले होते आणि मी वाट बघत होते. काहीतरी म्हणतील. चुकलं म्हणू नका, पण निदान माझ्याकडे बघा. सरोजिनी नगर आलं, आम्ही उतरलो, त्यांनी ऑटोवाल्याशी घासाघीस केली.

निवृत्तीनंतर सवलतीचे महिने संपत आले तेव्हा ज्यांना ते क्वार्टर मिळालं होतं ते कुटुंब बघायला आलं. बाईंनी खिडक्यांची मापं घेतली, पडद्यांसाठी. आम्ही निघालो त्या सकाळी त्यांचा टेम्पो फाटकाशी येऊन उभा होता. आमची शेवटची ट्रंक बाहेर आणि त्यांचा गॅस आत. गादी एक क्षणही रिकामी राहिली नाही. आई कढीपत्त्यापाशी उभी राहिली आणि मला म्हणाली की मूठभर तोडून घे. मी तोडून घेतला. तो गाझियाबादला पोचेपर्यंत कोमेजून गेला.

भावाला कंपनीने तोवर परदेशी पाठवलं होतं. गुडगावचा लिफ्टवाला फ्लॅट त्याने घेतला खरा, पण भाड्याने दिला. म्हणून मी ऑफिसातून कर्ज काढून गाझियाबादच्या एका नव्या सोसायटीत दोन खोल्या घेतल्या होत्या. नवी म्हणजे अर्धी. बिल्डर पैसे घेऊन गायब, लिफ्टच्या जागी नुसती पोकळी, पाण्याचा टँकर आला की बायकांची मारामारी. आई चौथ्या मजल्यावर बादल्या चढवायची, मी ऑफिसात असताना. नको म्हटलं तरी चढवायची. दुसऱ्या उन्हाळ्यात ती गेली. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. मला विचाराल तर तिला त्या जिन्याने मारलं, आणि त्या जिन्यापर्यंत तिला कोणी आणलं ते मी बोलत नाही.

त्या घरात राहायला गेलो त्याच दिवशी बाबांनी ट्रंकेतून पाटी काढली होती. वर्तमानपत्र सोडलं, पुसली, आणि खालून हातोडी मागून आणून माझ्या दारावर ठोकली. भावाचं नाव आणि त्याने कधीच सोडून दिलेला सरकारी हुद्दा. मी जिन्यात उभी राहून बघत होते. आईने माझा दंड दाबला, म्हणजे गप्प बस. मी गप्प बसले. म्हाताऱ्याचा हट्ट, म्हटलं, लावू दे.

पुढे एकदा पेन्शनसाठी बँकेचा माणूस बाबा हयात असल्याची खात्री करायला घरी आला. बाबांना आता जिना झेपत नव्हता. मी आत चहा करत होते. त्याने इकडेतिकडे बघून सहज विचारलं, घर अपना है? बाबा म्हणाले, "बेटे का है. वो बाहर रहता है." आणि माझ्याबद्दल म्हणाले, बेटी है, आती-जाती रहती है. मी चहा गाळला. साखर घातली की नाही आठवेना म्हणून पुन्हा घातली. बाहेर नेऊन दिला, आणि तो माणूस म्हणाला, चाय बहुत मीठी है जी. ती पाटी अजून दारावर आहे. तेव्हा काढली नाही आणि आता काढायची कोणासाठी?

शेवटच्या हिवाळ्यात बाबांचं बरंचसं पुसलं गेलं. दिल्ली की सातारा, सकाळ की संध्याकाळ, कळत नसे. मला कधी आई समजायचे, कधी आत्या. एका दुपारी मी त्यांना भाताची पेज भरवत होते, तर एकदम विचारलं, परवचा झाला का. मी नाही म्हटलं, तुम्हीच म्हणा. आणि काय सांगू, मान उशीवरून जरा उचलून त्यांनी सुरुवात केली. समुद्र ओलांडून आलेला. त्याचा मुलगा. मुलाचा भाऊ. पोराचं नाव विसरलेल्या माणसाला राजे मात्र सगळे आठवत होते.

तिसऱ्यापाशी मी न राहवून मोठ्याने म्हटलं, "मग त्याची मुलगी."

बाबा थांबले. "ती नाही," म्हणाले, अगदी पूर्वीच्या आवाजात. "ती यादीत नाही."

मग पुढे गेले. मेला, बिचारा, खुळा, आपली राणी, सगळे क्रमाने. पळपुट्याचं नाव घेताना त्यांचा आवाज कापला, पण घेतलं. मग त्याचा तोतरा भाऊ, ज्याच्या डोक्यावर ती टोपली आली. तिथे ते गप्प झाले. मी वाट बघितली. ह्या राजाला दोनच मुली, आणि थोरली गादीवर बसली. शाळेतल्या पोरालाही ठाऊक. ती अजून बसलेलीच होती, त्याच सकाळी तिचा फोटो पेपरात होता.

"पुढे, बाबा?"

"पुढे कोणी नाही," बाबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "बिचाऱ्याला मुलगा झाला नाही."

"मुली होत्या ना, बाबा. थोरली होती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, भिंतीकडे नाही, माझ्याकडे. आणि एखाद्या परक्या बाईला समजावून सांगावं तसं सांगितलं, "मुली होत्या हो. पण म्हातारपणी त्याचं करायला कोणी नव्हतं."

पेज निवत चालली होती. मी चमचा भरून त्यांच्या तोंडाशी नेला, आणि त्यांनी तोंड उघडलं.